दीड व्होल्टाची जाग

टेप भाजून बारा दिवस झाले होते, आणि भाजलेली टेप पंधरा दिवसांच्या वर भरवशाची राहत नाही.

टेप भाजायची असते, हे पुतणीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकांनी आधी तिच्याकडे आणि मग काकूंकडे पाहिलं होतं. "ऐकलंस का, तुझा आवाज आता भट्टीतून काढणार आहेत." पण गोष्ट खरी होती. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची, मोठ्या चकतीवर गुंडाळलेली टेप. तिच्यावरचा थर इतक्या वर्षांत हवेतलं पाणी पिऊन चिकट झालेला. तशीच यंत्रावर चढवली तर ती अडखळत, किंचाळत चालते आणि ज्या तपकिरी थरात आवाज साठवलेला असतो तोच भुकटी होऊन खाली पडतो. म्हणून भिंगरीने ती चकती फळं सुकवायच्या पेटीत मंद आचेवर आठ तास ठेवली होती. (पुतणीला घरात सगळे भिंगरीच म्हणत. लहानपणी ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. आता दिवसदिवस एकाच खुर्चीत बसून ती लोकांच्या जुन्या टेपा साफ करून द्यायचं काम करते, पण नाव काही सुटलं नाही.) अशा भाजण्याने थर पुन्हा धरतो, पण थोडेच दिवस. तेवढ्यात टेप एकदा वाजवायची आणि वाजताना कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदा वाजेल की नाही, ते देवाच्या हातात.

त्या टेपवर काकूंचा आवाज होता.

काकू वीस-बावीस वर्षं गाऊन निरूपण करत. एखादं पद घ्यायचं, त्याचा अर्थ पाकळी पाकळीने उलगडायचा, मध्येच एखादी गोष्ट, गोष्टीत हशा, आणि हशातून अलगद पुन्हा पद. ऐकणारा हसता हसता डोळे कधी पुसायला लागला, ते त्याचं त्यालाही कळत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काकू राखल्या, आवाज मात्र गेला. आता उरली होती नुसती कुजबुज, सुकलेल्या पानांवरून कोणी हळू चालावं तशी. फार बोलायचं झालं तर त्या वहीत लिहून दाखवत. बाकीच्या टेपा घर बदलताना कुठे गेल्या, कोणालाच माहीत नाही. राहिली ती ही एक, तासाभराची.

रविवारी सकाळी दहाला काका-काकू भिंगरीच्या घरी आले तेव्हा चकती एका मऊ टॉवेलात गुंडाळून काकूंच्या मांडीवर होती, आणि काकांच्या खांद्याला त्यांची जुनी कातडी पिशवी.

"हत्यारं घेऊनच आलात?" भिंगरी म्हणाली.

"निवृत्त झालोय. मेलेलो नाही," काका म्हणाले. "कुठे आहे तुझा आजारी?"

आजारी म्हणजे टेबलाखालचा नवा कॉम्प्युटर. महिन्यापूर्वी भिंगरीचा जुना कॉम्प्युटर एका गिऱ्हाइकाची टेप उतरवताना अर्ध्यावर विझला होता. ती टेप धड होती म्हणून पुन्हा वाजवता आली, निभावलं. पण तेव्हापासून तिच्या मनाने धास्ती घेतली. नवा घेतला, जुळवला, आणि काकूंची टेप लावायच्या आधी त्याची नाडी पाहावी म्हणून तिने एक तपासणी प्रोग्रॅम उघडला. त्यात प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब दिसत होता: एक पॉइंट अठ्ठेचाळीस व्होल्ट. काहीही काम चालू नसताना. तिने वाचलं होतं त्याप्रमाणे रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरला एकाहूनही कमी पुरायला हवं.

तिने काकांना फोन लावला. काकांनी सगळी नोकरी वीज मंडळात मीटर तपासण्यात काढलेली. कोणाच्या घरचं मीटर जास्त पळतंय अशी तक्रार आली की काका जायचे, आणि त्या मीटरच्या शेजारी आपलं एक चेक मीटर जोडून यायचे. दोन्ही आठ दिवस बरोबर चालवायची आणि मग निवाडा. "एक मीटर म्हणजे एक साक्षीदार," ते फोनवर म्हणाले होते. "एका साक्षीवर कोणाला दोषी धरू नये. दुसरा आण."

भिंगरीने दुसरा प्रोग्रॅम आणला. तो म्हणाला एक पॉइंट सेहेचाळीस. मग तिने कॉम्प्युटर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला विचारलं. त्याने तिसरा पाठवला आणि वर म्हणाला, "ताई, आणून टाका मशीन. प्रोसेसर बदलून मिळेल. पंधरा-वीस दिवस धरून चाला." तिसरा म्हणाला एक पॉइंट सत्तेचाळीस.

पंधरा-वीस दिवस टेपकडे नव्हते. तीनच होते.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. तीन चौकटी, तिन्हींत आकडे थरथरत होते.

"दीड व्होल्ट," ते म्हणाले. "अगं, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलला दीड व्होल्ट असतो. मी जन्मभर दोनशे तीसमध्ये हात घातले. तू मला दीड व्होल्टासाठी बोलावलंस?"

"तुमच्या तारा बोटाएवढ्या जाड, काका. याच्या आतल्या रेषा इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्यांना दीड म्हणजे फार. असाच सतत राहिला तर हळूहळू भाजून जाईल. आणि नेमका तुमची टेप चालू असताना गेला तर?"

काकांनी काकूंच्या मांडीवरच्या टॉवेलाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं. काय काय केलंस, क्रमाने सांग. गाळू नकोस काही."

तिने सांगितलं. कॉम्प्युटर सुरू होताना जो निळा-करडा सेटिंगचा पडदा येतो, त्यात जाऊन पाहिलं. तिथे दाब ठरवायचं काम 'ऑटो'वर होतं, म्हणजे बोर्डच आपल्या मनाने ठरवणार. तिने काही वाढवलेलं नव्हतं. विजेची बचत करणारी सेटिंग चालू होती. पंखा ठीक. तापमान अडतीस-चाळीस, म्हणजे ताप नाही.

"ताप नाही आणि दाब जास्त," काका पुटपुटले. "आता त्याला काम दे. भरपूर दे."

भिंगरीने एक मोठं काम लावलं, जुनी रेकॉर्डिंगं आकसून साठवायचं. पंख्याचा सूर चढला. तापमान साठीच्या पुढे गेलं. आणि तिन्ही चौकटींतला दाब उतरला: एक पॉइंट सव्वीस.

भिंगरी बघतच राहिली. "हे उलटंच आहे. काम नसताना जोर लावतोय आणि काम आल्यावर सैल सोडतोय."

"उलटं कसलं? भार आला की दाब पडतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की ओळीतल्या शेवटच्या घराचा बल्ब पिवळा पडायचा. हे मला विचार."

"ते थोडं खरं आहे, पण एवढ्याने एवढा फरक नाही पडत." ती टेबलावर पेन्सिल आपटत विचार करत होती.

काकू इतका वेळ खिडकीजवळ बसून ऐकत होत्या. त्यांनी वही ओढली आणि चार ओळी लिहून पुढे केल्या. काकांनी मोठ्याने वाचलं.

"'आत कामकरी किती?'"

"आठ," भिंगरी म्हणाली. "आठ कोअर आहेत."

काकूंनी पुढचं वाचा म्हणून बोट ठेवलं. काका वाचू लागले: "'एकटीने गायचं तर सूर वर धरावा लागतो, तरच शेवटच्या रांगेला पोचतो. मागे आठ जणांची साथ उभी राहिली की कशाला ओरडायचं? खालच्या सुरात सभागृह भरतं.'"

भिंगरीची पेन्सिल थांबली. "अगदी हेच आहे, काकू. बारीकसं काम आलं की एकच कोअर जीव खाऊन धावतो, त्याला दाब जास्त लागतो. मोठं काम आलं की आठही जण बेताने चालतात, तेव्हा कमी पुरतो. म्हणजे दीडच्या जवळ जाणं हा दोष नाही. तशी त्याची रीतच आहे."

"मग झालं की," काका उठायला लागले.

"नाही झालं. धावतोय म्हणून दाब जास्त, हे कळलं. पण धावतोय कशासाठी? मी त्याला काहीच काम दिलेलं नाही. सगळे कोअर झोपायला हवेत. हा झोपत का नाही? त्याला झोपवणारा भागच बिघडला असेल, तर तो आज ना उद्या जाणार."

काका पुन्हा बसले. आता त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच तकाकी आली. काकूंनी ती ओळखली. तक्रारीच्या घरी निघताना सायकलवर टांग टाकायच्या आधी हीच असायची.

"हे माझ्या ओळखीचं आहे," ते म्हणाले. "लोक म्हणायचे, साहेब, घर आठवडाभर बंद होतं तरी मीटरची चकती फिरत होती. मग आम्ही काय करायचो? एकेक फ्यूज काढायचा आणि चकती बघायची. ज्याच्या फ्यूजने चकती थांबेल तो चोर. काढ तुझे फ्यूज."

आणि दोघांनी ते घर रिकामं करायला घेतलं. भिंगरीने इंटरनेटची तार उपटली. एक अठ्ठेचाळीस. गाण्यांचा प्रोग्रॅम बंद केला, टपालाचा बंद केला, व्हायरसवर पाळत ठेवणारा बंद केला. प्रत्येक वेळी काका डोळ्यांत तेल घालून तीन चौकटी बघायचे आणि जाहीर करायचे, "फिरतेय." प्रिंटर काढला. फिरतेय. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ काढलं. फिरतेय. शेवटी तिने माउससुद्धा काढला आणि किल्ल्यांनीच काम चालवलं.

"फिरतेय," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "आता घरात काही उरलंच नाही, तरी फिरतेय. म्हणजे मीटरच खोटं."

"तिन्ही?"

"तिन्ही कशी खोटी असतील?" काकांनी स्वतःलाच विचारलं.

खिडकीजवळून कुजबुज आली. इतकी हलकी, की दोघांना मान वळवावी लागली.

"दवाखान्यात," काकू म्हणाल्या, "ती नर्स आठवते?"

"कुठली?"

"दर तासाला यायची. गाल थोपटायची. 'मावशी, झोप लागली का?'"

काका हसले. "हो. आणि तू 'हिला सांगा' म्हणून माझ्या मागे लागली होतीस."

काकूंनी श्वास घेतला. चार शब्दांनंतर त्यांना थांबावं लागे. "सकाळी डॉक्टरांना तक्रार. पेशंट झोपतच नाही." पुन्हा श्वास. मग त्यांनी बोटाने पडद्यावरच्या चौकटी मोजून दाखवल्या. एक. दोन. तीन.

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं. आकडे थरथरत होते. सेकंदाला एकदा पहिला, अर्ध्या सेकंदाला दुसरा. तिसऱ्याचा तर भरवसाच नव्हता, तो किती वेळा डोकावत होता देव जाणे. प्रत्येक डोकावण्यात तो आठही कोअरना हलवून विचारत होता: किती वेगात आहेस, किती गरम आहेस, झोपलास का?

"आम्हीच," ती हळूच म्हणाली. "आम्हीच झोपू देत नव्हतो त्याला."

काका मात्र खुर्चीत मागे टेकले होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मीटर स्वतःसुद्धा थोडी वीज खातं," ते म्हणाले. "त्याच्या आतलं वेटोळं सतत जोडलेलं असतं. थोडीच खातं, पण खातं. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे शिकवायचो. आणि इथे येऊन म्हणालो, एकाने भागणार नाही, दुसरा आण."

"तिसरा दुकानदाराचा होता, काका."

"धीर देऊ नकोस."

आता एक पेच उरला. प्रोग्रॅम बंद केले तर तो झोपेल, असं काकू म्हणत होत्या. पण प्रोग्रॅम बंद केल्यावर तो झोपला की नाही, हे सांगणार कोण? विचारायला गेलं की जागा होणार. देवाने माणसाला पापण्या दिल्या त्या मिटल्यावर जग दिसू नये म्हणून. पण मिटलेल्या डोळ्यांनी माणूस दिसतो कसा, हे आरशात पाहायला गेलं की डोळे उघडावेच लागतात.

काकांनी पिशवीची वादी सोडली. आतून त्यांचा मल्टिमीटर निघाला, पिवळा, कडा घासून पांढऱ्या झालेला.

"त्याला न विचारता बाहेरून बघता येईल," ते म्हणाले. "दाराशी उभं राहून घोरणं ऐकायचं. दार वाजवायचं नाही. हे विजेचं येणं कुठून होतं त्याला?"

भिंगरीने पेटी आडवी करून काचेची बाजू उघडली. प्रोसेसरच्या डोक्यावर पंख्याचा जाड मनोरा होता आणि त्याच्या कुशीला करड्या ठोकळ्यांची एक रांग. विजेचा दाब गाळून, बेताचा करून हेच ठोकळे आत सोडतात. त्यांच्या आतल्या अंगाला पाय दिसत होते, चकचकीत, आणि एकमेकांना अगदी खेटून.

"इथे टोक लावायचं," ती म्हणाली. "पण शेजारच्या पायाला लागलं, तर..."

"तर?"

"तर मग टेपही नाही आणि कॉम्प्युटरही नाही."

काकांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. बहात्तराव्या वर्षी हात थोडा हलतोच. त्यांनी चिकटपट्टी काढली आणि लाल तारेच्या सुईला शेवटपर्यंत गुंडाळली. उघडं राहिलं ते फक्त तांदळाच्या कणीएवढं टोक. काळी तार त्यांनी पेटीच्या एका स्क्रूला चिमट्याने पकडवली. मग करंगळी मनोऱ्याच्या पत्र्यावर टेकवली, मनगट पेटीच्या कडेवर ठेवलं, आणि हात असा निश्चल झाला की जणू तो त्या पेटीचाच एक भाग होता.

काकू उठून आल्या. त्यांनी भिंगरीच्या हातातून टॉर्च घेतला आणि नेमका त्या पायावर उजेड धरला. या दोघांनी पूर्वीही असं काही केलेलं असणार, कारण कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

"तिन्ही चालू आहेत ना?" काकांनी विचारलं. ओठ तेवढे हलले.

"चालू आहेत."

टोक टेकलं. "एक पॉइंट सत्तेचाळीस. तुझे साक्षीदार खरं बोलतायत. एक बंद कर."

"केला."

"एक सेहेचाळीस. दुसरा."

"केला."

"एक पंचेचाळीस... चव्वेचाळीस. पुन्हा पंचेचाळीस." काकांच्या कपाळावर घाम आला होता. काकूंनी टॉर्च न हलवता दुसऱ्या हाताने पदर पुढे करून तो टिपला. "तिसरा कर."

भिंगरीने तिसरा बंद केला आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर आता काहीच नव्हतं. कोणी काही विचारत नव्हतं.

पहिले दोन-तीन सेकंद गेले. मग काकांचा आवाज आला, आणि तो त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खूप लहान होता.

"एक दहा. एक. नव्वद... म्हणजे शून्य पॉइंट नव्वद. शून्य पॉइंट अठ्ठ्याऐंशी." ते थांबले. "झोपला गं."

तिघंही त्या उघड्या पेटीवर वाकून उभी होती, पाळण्यावर वाकतात तशी.

"एकदा उठवू," काका म्हणाले. "खात्रीला."

तिने एक प्रोग्रॅम उघडला. एक सेहेचाळीस. बंद केला. थोड्या वेळाने शून्य नव्वद. आता काकांनी सुई उचलली, ती पेटीपासून हातभर लांब नेली आणि मगच मोठा श्वास सोडला. मग त्यांनी तो हात खिशात घातला.

"काही बिघडलेलं नाही त्याचं," भिंगरी म्हणाली. "रेकॉर्डिंग सुरू झालं की तो जागा होईल, दाब पुन्हा वर जाईल. जाऊ दे. ते त्याचं काम आहे. त्याला झोपता येतं एवढं कळलं, बास."

दुपारी साडेबारा वाजता काकूंनी टॉवेल उलगडला.

भिंगरीने माउस पुन्हा जोडला, चकती यंत्रावर चढवली, टेपचं टोक बोटांनी ओवलं, आवाजाची पातळी जपून खाली ठेवली. काकूंनी यंत्राला हात जोडले. काका त्यांच्या शेजारी बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचा हात माउसकडे गेला.

"काय हवंय?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही. एक चौकट उघडून ठेवतो. एकच. कोपऱ्यात."

काकूंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, दाबून. तो त्यांनी पुढचा तासभर उचलला नाही.

टेप फिरली. आधी खरखर, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, कोणाचं तरी खाकरणं. आणि मग काकू.

भिंगरीने हा आवाज लहानपणी ऐकला होता, पण आठवणीत तो एवढा मोठा नव्हता. एक बाई गात होती, आणि गाता गाता थांबून बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं. म्हणत होती, देवाला शोधायला निघालेला माणूस कसा असतो सांगू? चष्मा डोळ्यांवर आणि घरभर चष्मा शोधतोय. सभा हसली. त्या हशावरच तिने सूर उचलला, तो वर, आणखी वर, आणि नेमक्या त्या ठिकाणी माइकच्या अगदी जवळून एका तरुण पुरुषाची दबकी कुजबुज आली:

"अगं, जरा हळू. काटा लाल पट्टीत जातोय."

यंत्रावर आजही आवाजाचा जोर दाखवणारा तसाच काटा होता, काचेआड, लाल पट्टीजवळ थरथरणारा.

टेपवरची बाई थांबली. मग गोड आवाजात सभेला म्हणाली, "आमचे रेकॉर्डिंगवाले म्हणतायत, हळू. देवाला हळू ऐकू येतं म्हणे. आपण बापड्या मोठ्याने हाका मारत होतो." आणि केवढा हशा उठला.

काकाही हसले, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. कारण त्यानंतर ती खरंच हळू गाऊ लागली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. गोष्टी तशाच रसाळ, पदं तशीच, पण सूर जिथे उसळायला हवा तिथे ती अलगद हात आखडता घेत होती. भिंगरीचे कान या कामात तयार झालेले, तिला ते स्पष्ट कळत होतं. गाणारीच्या नजरेसमोर एक माणूस बसला होता, आणि तो काट्याकडे बघत होता.

"मी नीट यावं म्हणून म्हणालो होतो," काका म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. "एकच टेप होती. वाया जाऊ नये म्हणून."

काकूंनी पडद्याकडे पाहतच मान हलवली. माहीत आहे, अशी.

चकती पातळ होत गेली. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटीची बारीक रेघ साठत होती. दुसऱ्यांदा ही टेप वाजणार नव्हती, हे आता तिघांनाही दिसत होतं. कॉम्प्युटर टेबलाखाली मुकाट्याने आपलं काम करत होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

शेवटच्या पदाला ती विसरली. काटा विसरली, टेप विसरली, समोरचा माणूस विसरली. शब्द साधेच होते, देवा तू ऐकतोस तर मी गाते, एवढेच. पण तिसऱ्या वेळी ते म्हणताना आवाज सुटला, सगळा सुटला. काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन अडकून राहिला. सूर कडेला फाटला, तडकला, आणि तसाच तडकलेला वर जात राहिला. त्याच्या मागे सगळी सभा गायला लागली. या वेळी माइकजवळून कोणीही काही म्हणालं नाही.

मग टेपचं टोक सुटलं आणि चकती नुसतीच फडफडत फिरली. भिंगरीने यंत्र थांबवलं. फाइल साठवली, तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मगच मागे वळली.

"सगळी आली," ती म्हणाली. "शेवटचं पद तेवढं फाटलंय. ते मी बरंचसं साफ करू शकते. दोन दिवस लागतील."

काकूंनी मान हलवली. नको.

"थोडंसं, काकू. कडा तेवढ्या."

"राहू दे," काकू कुजबुजल्या. मग श्वास घेऊन, "ते माझं आहे."

काकांनी नाक पुसलं. "आणि तो... व्होल्ट किती होते गं, सबंध वेळ?"

"कोणी पाहिलंच नाही, काका."

"हं," काका म्हणाले. मल्टिमीटर पिशवीत ठेवायचा राहिला होता, तो त्यांनी ठेवला, वादी लावली. "पुन्हा लावता येईल ना आता? हवं तितक्यांदा?"

"हवं तितक्यांदा. कुठून लावू?"

काका काकूंकडे वळले. काकूंच्या डोळ्यांत सभेपुढे बसल्यावर यायची ती मिस्किली आली होती. त्यांनी वही घेतली नाही.

"हे 'हळू' म्हणतात," त्या म्हणाल्या, "तिथून."